ब्रिटिशांना डोनाल्ड ट्रम्प यांचा स्वभाव का खटकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिशांचा आक्षेप ट्रम्प यांच्या धोरणांना आहे की स्वभावाला?

आक्षेप दोन्हींना आहे. परंतु स्वभावाविषयीची नापसंती वेगळी काढून दाखवता येते आणि येथे विचार तिचाच करायचा आहे. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराक युद्धाच्या विरोधात लंडनमध्ये निघालेला मोर्चा ब्रिटनने पाहिलेल्या सर्वांत मोठ्या मोर्चांपैकी होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बुश राणीचे पाहुणे म्हणून आले तेव्हाही लंडनचे रस्ते निदर्शकांनी भरले होते. पण त्या घोषणा युद्धाविरुद्ध होत्या. बुश माणूस म्हणून कसे आहेत याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नव्हते. ट्रम्प यांच्या बाबतीत क्रम उलटा झाला. ते अजून पक्षाचे अधिकृत उमेदवारही ठरले नव्हते, तेव्हा, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, मुसलमानांना अमेरिकेत येऊ देऊ नये असे ते बोलले. त्यानंतर त्यांनाच ब्रिटनमध्ये प्रवेशबंदी करावी अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि १८ जानेवारी २०१६ रोजी खासदारांना त्यावर तीन तास चर्चा करावी लागली. त्या चर्चेत ट्रम्प यांच्या प्रस्तावाइतकेच त्यांच्या वृत्तीविषयीही बोलले गेले.

प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार, अमेरिकेचे अध्यक्ष जागतिक घडामोडींत योग्य तेच करतील असा विश्वास २०१६ मध्ये ओबामांविषयी ७९ टक्के ब्रिटिशांनी व्यक्त केला होता. पुढच्याच वर्षी ट्रम्प यांच्याविषयी तो २२ टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये १९ टक्के राहिला. याच संस्थेने २०१७ मध्ये ३७ देशांत ट्रम्प यांच्या गुणदोषांविषयीही विचारले होते. तेथे 'उद्धट' हे विशेषण त्यांना लागू पडते असे म्हणणाऱ्यांचे मध्यक प्रमाण (निम्मे देश त्याच्या वर, निम्मे खाली) ७५ टक्के होते, तर 'खंबीर नेता' म्हणणाऱ्यांचे ५५ टक्के. म्हणजे ज्यांना ते आवडत नाहीत त्यांच्यापैकीही अनेकांना ते दुबळे वाटत नाहीत. माणूस खंबीर असणे आणि तो आपल्याला भावणे, या दोन गोष्टी लोक बरोबर वेगळ्या करतात.

मग सगळ्याच ब्रिटिशांना ते नकोसे वाटतात का?

नाही. नायजेल फराज हे त्यांचे जुने स्नेही, आणि फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला जुलै २०२४ च्या निवडणुकीत सुमारे १४ टक्के मते आणि ५ जागा मिळाल्या. त्या मतदारांपैकी बऱ्याच जणांना ट्रम्प यांचे आडपडदा न ठेवता बोलणे आवडते. पुढे जेथे 'ब्रिटिश' म्हटले आहे तेथे 'बरेचसे ब्रिटिश' असे वाचावे.

स्वतःची स्तुती करण्यात एवढे काय खटकण्यासारखे आहे? अमेरिकेत तर तो आत्मविश्वास समजला जातो.

मुळात मुद्दा येथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. ब्रिटनमध्ये, विशेषतः इंग्लंडमध्ये, मोठी गोष्ट मुद्दाम लहान करून सांगणे हा सभ्यतेचा भाग मानला जातो. 'वाईट नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'उत्तम' असा असतो, आणि 'थोडी अडचण आहे' असे कोणी म्हणाले तर घराला आग लागलेली असू शकते. कोरियन युद्धात, एप्रिल १९५१ मध्ये, इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक तुकडी चिनी सैन्याने चारही बाजूंनी वेढली होती. ब्रिटिश ब्रिगेडिअरने आपल्या अमेरिकन वरिष्ठाला कळवले की, तिकडे परिस्थिती जराशी चिकट झाली आहे. अमेरिकन सेनानीला वाटले, म्हणजे निभावते आहे. आणि माघारीचा हुकूम वेळेवर निघाला नाही, असे या लढाईविषयी नेहमी सांगितले जाते. त्या तुकडीतले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैदी झाले. कमी करून सांगण्याची सवय जिवावर बेतू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. आणि तरीही ब्रिटिश लोक ही हकिकत काहीशा अभिमानाने सांगतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

अशा समाजाच्या कानावर ६ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांचे ट्विट पडले की आपण केवळ हुशार नसून प्रज्ञावंत आहोत, आणि तेही अत्यंत स्थिरबुद्धी प्रज्ञावंत. आपल्याकडेही आपली पाठ आपणच थोपटून घेणाऱ्याकडे लोक भुवया उंचावून पाहतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण उगाच वापरत नाही. पण आपल्याकडे राजकारण्याच्या वाढदिवसाला चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांची सवय झाल्यामुळे डोळे जरा निबर झाले आहेत. ब्रिटनमध्ये फुशारकी मारू नये हा धडा शाळेच्या मैदानावरच मिळतो, आणि तो शिक्षकांपेक्षा सोबतची मुले अधिक कठोरपणे शिकवतात. ज्या माणसाला तो धडा सत्तरीतही मिळालेला नाही त्याच्याविषयी ब्रिटिश माणसाला रागाआधी संकोच वाटतो. दुसऱ्याच्या वागण्याची आपल्याला लाज वाटावी, त्या जातीची ही भावना आहे, आणि माझ्या मते ट्रम्पविषयक नापसंतीचा पहिला थर हाच आहे.

मग ब्रिटिश नेते नम्र असतात, असे म्हणायचे आहे का?

अजिबात नाही. ब्रिटिश राज्यकर्त्यांचा अहंकार जगाने दोनशे वर्षे अनुभवला आहे आणि त्यात आपलाही वाटा मोठा आहे. त्यांची रीत एवढीच की अहंकार असावा, पण दिसू नये. तो पोशाखात, उच्चारात, शाळेच्या नावात, मौनात असावा, शब्दांत येऊ नये. ट्रम्प तो शब्दांत आणतात, आणि शिवाय इमारतीच्या दर्शनी भागावर सोनेरी अक्षरांत लावतात.

येथे बोरिस जॉन्सन यांचा दाखला हटकून दिला जातो. जुलै २०१९ मध्ये जॉन्सन पंतप्रधान होत असताना ट्रम्प यांनी कौतुकाने सांगितले की, लोक त्यांना 'ब्रिटनचा ट्रम्प' म्हणतात. दोघांतले साम्य खरे आहे: विस्कटलेले केस, सत्याशी असलेले सैल नाते, नियम इतरांसाठी असतात ही समजूत. पण २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी लंडनचे महापौर असलेले जॉन्सन हातात दोन छोटे झेंडे घेऊन तारेवरून घसरताना मध्येच अडकले आणि हवेत लोंबकळत राहिले, तेव्हा सारा देश हसला आणि तेही हसले. स्वतःचा फजितवाडा विकून खाण्याची कला त्यांना अवगत होती. ट्रम्प यांची अशी एखादी हसरी फजिती आठवून पाहावी; सापडणे कठीण जाते. अर्थात, त्या कलेनेही जॉन्सन यांना कायमचे तारले नाही. टाळेबंदीत पंतप्रधान निवासात झालेल्या मेजवान्यांनी विश्वास संपला आणि २०२२ मध्ये त्यांना जावे लागले.

विनोदाचा राजकारणाशी एवढा काय संबंध?

ब्रिटनमध्ये तो फार निकटचा आहे. तेथील पंतप्रधानाला संसदेचे अधिवेशन चालू असताना दर बुधवारी दुपारी १२ वाजता समोरच्या बाकांवरून येणारे प्रश्न, टोमणे आणि आरोळ्या झेलाव्या लागतात. ज्याला तेथे हसत उत्तर देता येत नाही, त्याची त्याच्या स्वतःच्या पक्षातही किंमत उतरते. अमेरिकी अध्यक्षाला असा प्रसंग नसतो. व्हाइट हाऊसच्या वार्ताहरांचे वार्षिक भोजन, ज्यात अध्यक्षाची थट्टा होते आणि अध्यक्षही स्वतःची थट्टा करतो, तो त्यातल्या त्यात जवळचा प्रकार. पहिल्या कारकिर्दीत ट्रम्प त्यालाही गेले नाहीत. याउलट २०१२ च्या ऑलिंपिक उद्घाटनासाठी खुद्द राणीने, वयाच्या ८६ व्या वर्षी, जेम्स बाँडच्या सोबतीने एका खोडकर चित्रफितीत काम केले. सिंहासनावरच्या व्यक्तीला जे जमते ते निवडून आलेल्या व्यक्तीला का जमू नये, असे लोकांना वाटले तर नवल नाही.

ट्रम्प यांना विनोद येत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्या सभांत हशा असतो आणि विरोधकाला चिकटेल असे टोपणनाव देण्यात ते तरबेज आहेत. पण तो विनोद नेहमी दुसऱ्याच्या दिशेने जातो. स्वतःकडे कधी वळत नाही. ब्रिटिशांचा आवडता विनोद आधी स्वतःवर फिरतो, म्हणजे मग दुसऱ्यावर फिरवायचा परवाना मिळतो.

उत्तर देण्याची ब्रिटिश पद्धत कशी असते, त्याचा एक नमुना. नोव्हेंबर २०१६ मध्ये, निवडून आल्यावर लगेच, ट्रम्प यांनी जाहीरपणे सुचवले की नायजेल फराज यांना ब्रिटनचे अमेरिकेतील राजदूत करावे. दुसऱ्या देशाने कोणाला राजदूत नेमावे हे सुचवण्याचा हा प्रकार अभूतपूर्व होता. पंतप्रधान कार्यालयाचे उत्तर इतकेच की, ती जागा रिकामी नाही.

दुर्बलांची टिंगल करण्याचा आरोप नेमका कोणत्या प्रसंगांवरून होतो?

येथून नापसंतीचा दुसरा थर सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. बढाई ही अभिरुचीची बाब झाली. पडलेल्यावर पाय देणे ही नीतीची बाब आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये हाताला अपंगत्व असलेल्या एका पत्रकाराची ट्रम्प यांनी भर सभेत हातवारे करून नक्कल केल्याचे दृश्य ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा दाखवले गेले. आपण अपंगत्वाची नक्कल केली नाही असे ते सांगत राहिले, पण ते फारसे कोणाला पटले नाही. त्याआधी जुलैत, व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेल्या सिनेटर जॉन मॅकेन यांच्याविषयी ते म्हणाले होते की, जे पकडले जात नाहीत ते लोक मला आवडतात. नोव्हेंबर महिन्यात कोटाला लाल कागदी खसखशीचे फूल लावून महायुद्धातल्या मृतांची आठवण काढणाऱ्या देशात हे वाक्य कसे ऐकले गेले असेल, याची कल्पना करता येते.

लंडनकरांच्या मनाला सर्वांत लागलेला प्रसंग जून २०१७ चा. ३ जूनच्या रात्री लंडन ब्रिजवर आणि बरो मार्केटमध्ये दहशतवाद्यांनी आठ जणांचा जीव घेतला. रस्त्यांवर जादा पोलीस दिसतील, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, असे महापौर सादिक खान यांनी नागरिकांना सांगितले. ट्रम्प यांनी त्यातले पोलिसांचे वाक्य गाळून, हल्ला झाला तरी महापौर म्हणतात की घाबरण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे ट्विट केले. मृतांची ओळखही पटलेली नसताना शोकात असलेल्या शहराच्या महापौराला असे खिंडीत गाठणे हे उजव्या विचारांच्या अनेक लंडनकरांनाही रुचले नाही. खान हे पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचे चिरंजीव. लंडनमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई कुटुंबांना, मग ती लाहोरची असोत, सिल्हेटची असोत वा सांगली-साताऱ्याची, त्या ट्विटमध्ये एका माणसावरच्या टीकेपलीकडचे काही ऐकू आले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. खान यांच्या कारभारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि लंडनकर ती रोज करतात. तरीही २०२१ आणि २०२४ मध्ये त्यांनी खान यांनाच पुन्हा निवडले.

स्कॉटलंडमध्ये हा राग विशेष जुना आहे असे म्हणतात. त्याचे कारण काय?

कारण तेथे ट्रम्प राजकारणी म्हणून आलेच नाहीत, शेजारी म्हणून आले. २००६ मध्ये त्यांनी ॲबर्डीनच्या उत्तरेला, बाल्मेडी गावाजवळची मेनी इस्टेट घेतली आणि जगातले सर्वोत्तम गोल्फ मैदान, साडेचारशे खोल्यांचे हॉटेल, शेकडो घरे आणि हजारो नोकऱ्या यांचे आश्वासन दिले. जागा होती सरकत्या वाळूच्या टेकड्यांची, आणि तिचा काही भाग शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षित होता. स्थानिक परिषदेच्या समितीने २००७ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने परवानगी नाकारली. तेव्हा एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, सरकारने प्रकरण स्वतःकडे घेतले आणि २००८ मध्ये परवानगी दिली. प्रथममंत्री, म्हणजे त्या सरकारचे प्रमुख, होते ॲलेक्स सॅमंड, ज्यांचे पुढे ट्रम्प यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले. मैदान २०१२ मध्ये सुरू झाले. आश्वासनातले मोठे हॉटेल झाले नाही, नोकऱ्या सांगितल्याच्या आसपासही फिरकल्या नाहीत, आणि २०२० मध्ये त्या वाळूच्या टेकड्यांचा संरक्षित दर्जा काढून घेण्यात आला, कारण जे जपायचे होते ते उरले नव्हते.

पण लोकांच्या लक्षात राहिला तो शेतकरी. शेजारच्या जमिनीच्या मालकाने आपली जागा विकायला नकार दिला, तेव्हा ट्रम्प यांनी त्याच्या घराला जाहीरपणे डुकरांच्या खुराड्याची उपमा दिली. आपल्याकडे प्रकल्पासाठी जमीन देत नाही म्हणून अडून बसलेला शेतकरी आणि त्याच्या दारात येऊन उभा राहिलेला पैसेवाला, हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२ मध्ये एका नामांकित व्हिस्की कंपनीच्या पुरस्कारांत स्कॉटिश जनतेने मते देऊन त्या शेतकऱ्याला वर्षातला अव्वल स्कॉट ठरवले. त्यावर ट्रम्प यांनी आपल्या सर्व हॉटेलांतून त्या कंपनीची व्हिस्की हद्दपार केली. रागावण्याची ही तऱ्हाच स्कॉटिश लोकांना सर्वांत विनोदी वाटली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मैदानासमोरच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहू नयेत म्हणून ते स्कॉटिश संसदेच्या समितीपुढे साक्षीला आले. पवनचक्क्यांमुळे पर्यटन बुडते याला पुरावा काय, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले की, पुरावा म्हणजे मीच. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ते हरले. आज त्या मैदानावरून अकरा पवनचक्क्या फिरताना दिसतात.

आणखी एक दिवस सांगायलाच हवा. २४ जून २०१६ रोजी, ब्रेक्झिटचा निकाल लागला त्या सकाळी, ट्रम्प टर्नबेरी येथील आपल्या दुसऱ्या गोल्फ मैदानावर उतरले आणि स्कॉटलंड या निकालाने आनंदाने वेडे झाले आहे असे ट्विट त्यांनी केले. स्कॉटलंडने ६२ टक्के मते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने दिली होती. उत्तरादाखल स्कॉटिश लोकांनी त्यांना ज्या शेलक्या शिव्या घातल्या त्यांचे भाषांतर येथे देण्याजोगे नाही. पौंड घसरला तर टर्नबेरीला अधिक लोक येतील, असेही ते त्या दिवशी म्हणाले. हिशेब बरोबर होता; फक्त ज्यांच्या खिशातला पौंड घसरत होता त्यांच्या अंगणात उभे राहून तो मांडला गेला.

पण त्यांची आई तर स्कॉटिश होती ना?

होती. मेरी ॲन मॅक्लाउड यांचा जन्म १९१२ मध्ये लुइस बेटावरच्या टाँग या गावी झाला, त्यांची मातृभाषा गेलिक होती आणि १९३० मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. बेटावरचे जुने लोक कडक प्रोटेस्टंट वळणाचे. रविवारी दोरीवर कपडे वाळत घालणेही जेथे खपत नसे, तेथे थाटमाट हा दोषच समजला जाई. २००८ मध्ये ट्रम्प आईचे घर पाहायला गेले आणि दोन मिनिटांच्या आत बाहेर आले. वृत्तपत्रांनी सेकंद मोजले.

ही उच्चभ्रूंनी नाके मुरडण्यातलीच गत नाही का?

काही अंशी आहे, आणि हे ब्रिटिश टीकाकार सहसा कबूल करत नाहीत. तेथे पैसा किती आहे यापेक्षा तो किती जुना आहे याला मोल आहे. मायकेल हेझल्टाइन हे श्रीमंत मंत्री. त्यांच्याच पक्षातल्या एकाने त्यांना हिणवताना म्हटले होते की, या गृहस्थांना स्वतःचे फर्निचर स्वतः विकत घ्यावे लागले. म्हणजे आजोबा-पणजोबांचे आयते मिळाले नाही, हा दोष. ज्या वर्गाला हेझल्टाइनही उपरे वाटतात, त्याला सोन्याचा मुलामा दिलेल्या घरात राहणारे ट्रम्प कसे वाटत असतील? आपल्याकडचे पिढीजात वाडेवाले नव्याने बंगला बांधणाऱ्याच्या झुंबरांना हसतात, त्यातलाच हा प्रकार.

नावाची किंमत जागेप्रमाणे कशी बदलते, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत वरळीला आणि पुण्यात कल्याणीनगरला ट्रम्प यांचे नाव लावलेले मनोरे आहेत, आणि ते नाव घरांची किंमत वाढवण्यासाठीच तेथे लावलेले आहे. बाल्मेडीत तेच नाव वाळूच्या टेकड्यांवर आले तेव्हा लोकांना ते ओरखड्यासारखे वाटले. म्हणून ब्रिटिशांची टीका ऐकताना चाळणी लावावी असे मला वाटते: सोनेरी नळ, लांब टाय, केसांचा रंग, मांसाचा तुकडा फार भाजून खाणे, यांवरचे विनोद बाजूला काढावेत, कारण ते वर्गाचे विनोद आहेत. खाली जे उरते, म्हणजे पत्रकाराची नक्कल, मॅकेन, शेतकरी आणि शोकातला महापौर, त्याला उत्तर द्यावे लागते.

ते राणीच्या पुढे चालले म्हणून लोक खरोखर रागावले होते का?

जुलै २०१८ मध्ये विंडसरला मानवंदनेची पाहणी करताना ते क्षणभर राणीच्या पुढे गेले आणि ९२ वर्षांच्या राणीला त्यांच्या मागून वाट काढावी लागली. वृत्तपत्रांनी हलकल्लोळ केला. माझ्या मते हा बाऊ होता. गोंधळ कोणाचाही होऊ शकतो. त्याच दौऱ्यात त्यांनी यजमान पंतप्रधान थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट योजनेवर 'द सन' या वृत्तपत्राला मुलाखत देऊन टीका केली, आणि ती मे त्यांना मेजवानी देत असतानाच प्रसिद्ध झाली. ताटावर बसून यजमानिणीच्या स्वयंपाकाला नावे ठेवण्याचा हा प्रकार अधिक आक्षेपार्ह होता, पण त्याचे छायाचित्र तेवढे चांगले आले नसते.

राजदूताचे प्रकरण काय होते?

जुलै २०१९ मध्ये वॉशिंग्टनमधील ब्रिटिश राजदूत सर किम दरोक यांचे गोपनीय अहवाल फुटले. त्यांत ट्रम्प प्रशासनाला अकार्यक्षम आणि खुद्द ट्रम्प यांना असुरक्षित म्हटले होते. राजदूताने आपल्या सरकारला खरे मत कळवावे हे त्याचे कामच असते. ट्रम्प यांनी त्यांना महामूर्ख म्हटले, त्यांच्याशी यापुढे व्यवहार करणार नाही असे जाहीर केले, आणि १० जुलै रोजी दरोक यांनी राजीनामा दिला. असुरक्षित म्हटल्यावर मनुष्याने एवढे चिडावे, यानेच अहवालाची खातरजमा झाली, अशी कुजबुज लंडनमध्ये बरीच झाली.

एवढे सगळे असताना ब्रिटिश सरकार त्यांच्यासाठी पायघड्या का घालते?

'अडला हरी' या म्हणीचा उत्तरार्ध येथे लिहिणे राजशिष्टाचाराला धरून होणार नाही, पण पूर्वार्ध पुरेसा आहे. युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनला अमेरिकेचा व्यापार हवा, गुप्तवार्ता हव्यात, अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांसाठी क्षेपणास्त्रे हवीत आणि युक्रेनला अमेरिकेचा आधार टिकून राहायला हवा. ट्रम्प यांना राजघराण्याचे मनापासून अप्रूप आहे हे लंडनने फार लवकर हेरले. २७ जानेवारी २०१७ रोजी थेरेसा मे वॉशिंग्टनला गेल्या त्या राणीचे निमंत्रण घेऊनच. त्याविरुद्धच्या अर्जावर १८ लाखांहून अधिक सह्या झाल्या, सभापती जॉन बर्को यांनी ट्रम्प यांच्या संसदेच्या वेस्टमिन्स्टर हॉलमधील भाषणाला उघड विरोध केला आणि शाही दौरा जून २०१९ पर्यंत लांबला. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी कीर स्टार्मर यांनी ओव्हल ऑफिसमध्ये कोटाच्या खिशातून राजाचे पत्र काढले, तेव्हा तोच डाव पुन्हा टाकला गेला. दुसऱ्यांदा निवडून आलेल्या अमेरिकी अध्यक्षाला दुसरा शाही दौरा देण्याची प्रथा नव्हती. बुश आणि ओबामा यांची बोळवण विंडसरला चहा किंवा जेवण देऊन झाली होती. ट्रम्प यांच्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ती मोडली गेली.

त्या दौऱ्यातली एक गोष्ट पाहणाऱ्याच्या लक्षात येते. घोडागाडीची मिरवणूक झाली, बँड वाजला, तोफा झाल्या. पण हे सारे विंडसर किल्ल्याच्या कुंपणाच्या आत झाले. मिरवणुकीच्या मार्गावर सैनिक होते, सामान्य लोक नव्हते. लंडनमध्ये त्याच दिवशी हजारो निदर्शक रस्त्यावर होते.

ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांनी दुसऱ्याच्या स्वभावाला नावे ठेवावीत, हा दांभिकपणा नव्हे का?

हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच, आणि तो विचारायलाच हवा. फेब्रुवारी १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी गांधीजींना मिडल टेंपलचा राजद्रोही वकील, फकिराचे सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढणारा, अशा शब्दांत हिणवले. (मिडल टेंपल आणि इनर टेंपल या लंडनमधील बॅरिस्टरांच्या दोन वेगळ्या संस्था; गांधीजी वास्तविक इनर टेंपलचे बॅरिस्टर. तपशिलाची पर्वा न करता टोमणा मारण्याची पद्धत ट्रम्प यांच्याबरोबर जन्माला आलेली नाही.) परक्या देशातील लोकांविषयी तुच्छतेने बोलणारा नेता ब्रिटिशांना त्या काळी अपवादात्मक वाटला नाही, आणि चर्चिल आजही त्यांच्या नोटेवर आहेत.

तेव्हा दांभिकपणा आहे. परंतु त्यावरून आक्षेप खोटा ठरत नाही. चर्चिल यांच्या पिढीला जे सहज खपत होते ते त्यांच्या पणतवंडांना खपत नाही, यात थोडा पश्चात्ताप आणि थोडे विस्मरण असे दोन्ही असावे. सादिक खान यांच्या बाजूने लंडनकर बोलले तेव्हा त्या लंडनकरांत ज्यांचे आजोबा साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला होते असे लोकही मोठ्या संख्येने होते. 'ब्रिटिश लोकांना काय आवडत नाही' असे आज विचारताना त्या 'ब्रिटिश लोकां'मध्ये १९३२ पासून लंडनमध्ये गणेशोत्सव, नाटके आणि दिवाळी अंकांचा संसार चालवत आलेले महाराष्ट्र मंडळही मोडते, हे विसरून चालत नाही.

तो मोठा नारिंगी फुगा अजून आहे का?

आहे. लंगोट लावलेल्या, हातात मोबाइल धरून रडणाऱ्या बाळाच्या रूपातला सुमारे सहा मीटर उंचीचा तो फुगा १३ जुलै २०१८ रोजी संसदेसमोरच्या चौकात उडवला गेला आणि पुढच्या वर्षीच्या दौऱ्यातही दिसला. २०२१ मध्ये तो लंडनच्या शहर संग्रहालयाने आपल्या निदर्शनविषयक संग्रहात दाखल करून घेतला, ज्यात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांचे झेंडे आणि फितीही आहेत. संग्रहालयात पोचला तेव्हा तो हवा काढून, घडी घालून एका सुटकेसमध्ये भरलेला होता.